कृत्तिका किती?

महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकविण्याचा व्यवसाय आम्ही आज जवळजवळ तीस वर्षे करीत आहोत. ह्या व्यवसायात दर डिसेंबर महिन्यात एक अवघड प्रसंग ठरलेला असतो. वर्गात बर्फाने झाकलेली शेते, गोठलेली तळी आणि शेकोटीभोवती बसलेली कुटुंबे ह्यांची वर्णने चाललेली असतात. आणि खिडकीबाहेर दुपारच्या स्वच्छ उन्हात, पारा तिसाच्या आसपास असताना, विद्यार्थ्यांचा एखादा घोळका उसाचा रस पीत उभा असतो. मागे एकदा एका विद्यार्थिनीने भर वर्गात विचारले, “सर, मग आपल्याकडे हिवाळा असतो असे म्हणावे की नाही?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या कडव्याकडे वळलो.

वास्तविक तो प्रश्न आम्हांस अडविणारा नव्हता. ज्या घरात आम्ही लहानाचे मोठे झालो त्या घरात पुण्याच्या हिवाळ्याची हजेरी रोज सकाळी घेतली जात असे, आणि तिची लेखी नोंद १९७२ सालापासून आमच्या कपाटात आहे. ती वाचणाऱ्यास आपल्याकडे हिवाळा असतो की नाही ह्याविषयी शंका राहणार नाही. शंकेला जागा आहे ती त्या वह्यांतील दुसऱ्याच एका गोष्टीविषयी. आणि ती सांगावी म्हणूनच हे लिहावयास बसलो आहोत.

आमचे घर पुण्याच्या पश्चिम भागात एका ओढ्याच्या काठी आहे. घरामागे परस आहे. त्याला बाग म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एक रायवळ आंबा, एक पेरू, कुंपणाला कुंद, मध्ये तुळशीवृंदावन, चार वाफे आणि ओढ्याकडचा उतार, एवढाच त्याचा पसारा. त्या उताराच्या वरच्या अंगास एका खांबावर पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शाळेत गणित शिकवीत. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. वेधशाळेतील तापमापकाची पेटी पाहून येऊन अण्णांनी तशीच एक आमच्या सुताराकडून करवून घेतली. आत कमाल व किमान दाखविणारा तापमापक बसविला, आणि दुकानदार वापरतात तशा लांबट, लाल कापडी बांधणीच्या खतावणीत रकाने आखले : दिनांक, किमान, कमाल, दव, ढग, झाडे-पाखरे, आणि शेवटी ‘आकाश’.

ह्या वह्या चाळताना पुण्याचा हिवाळा कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. तो पाश्चात्त्य काव्यातल्याप्रमाणे झाडांची वस्त्रे हिरावीत येत नाही. दिवाळीच्या मागेपुढे एका पहाटे बुचाच्या फुलांचा सडा रस्त्यावर पडलेला दिसतो आणि वाऱ्याने दिशा पालटल्याचे ध्यानात येते. मग तुळशीच्या मंजिऱ्यांवर दव दिसू लागते. कुंपणावर थिरथिरा येऊन बसतो. हिमालयाकडून आलेला हा चिमुकला पाहुणा आपली तांबूस शेपटी अशी थरथरवीत असतो की थंडी त्यालाच वाजत असावी असे वाटते. शेवंती संपत येते तो कुंद फुलू लागतो, आणि संक्रांतीच्या सुमारास आंब्याच्या शेंड्यांना मोहोर दिसू लागतो. म्हणजे आमच्या परसात एकट्या चाफ्याचा अपवाद सोडला तर हिवाळा हा उजाड होण्याचा काळ नसून मोहोरण्याचा काळ आहे.

थंडीविषयी अण्णांचा एक आवडता पाठ असे. ते म्हणत, “थंडी पडते हे म्हणणेच चुकीचे. वरून काही पडत नाही. खालून ऊब निघून जाते.” दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला म्हणजे ही उधळपट्टी बिनबोभाट चालते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन सखल जागी साचते. म्हणूनच ओढ्याकडचा कोपरा पडवीपेक्षा दोन अंशांनी गार असतो, आणि मुठेच्या पात्रावर धुके असते तेव्हा टेकडीवर लख्ख ऊन पडलेले असते. पारा सर्वांत खाली जातो तोही मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास. कारण जमिनीचा खर्च रात्रभर चालू असतो आणि जमा सकाळी सुरू होते. ह्याच्या उलट, बंगालच्या उपसागराकडून एखाद्या रात्री ढग आले की ते गोधडीसारखे वर पसरतात, निघालेली ऊब खाली परतवितात आणि काल दहावर असलेला पारा आज सतरावर थांबतो. अशा हवेत आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी हटकून येतात. ‘किमान १७, ढग, आंब्याची काळजी’ अशी नोंद वह्यांत अनेक ठिकाणी आहे. पुण्याच्या थंडीचा उच्चांक म्हणून १७ जानेवारी १९३५ ह्या दिवसाचा १.७ अंश हा आकडा सांगतात. आमचा पारा मात्र पाचाच्या खाली कधी उतरला नाही, आणि ह्याचे अण्णांना मनापासून वाईट वाटत असे.

ढगाळ रात्रीची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

अण्णांचा दुसरा पाठ सूर्याचा. बावीस डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस सर्वांत लहान असतो, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु पुण्यात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यास, हे पंचांगाचे पान रोज उलटणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. तसेच पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. जुलैच्या मानाने सुमारे पन्नास लाख किलोमीटर जवळ. आणि तरीही आपण ह्याच आठवड्यात शाली काढतो. उत्तरायण डिसेंबरात सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो तो जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेस. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत. परंतु पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, बहात्तर वर्षांत सुमारे एक अंशाने संपात मागे सरतो, आणि तेवढ्याने सण पुढे जातो.

हे सांगताना अण्णा हमखास ‘दृक्प्रत्यय’ ह्या शब्दावर येत. गणिताने जे आले ते डोळ्यांना आकाशात तसेच दिसणे, हा दृक्प्रत्यय. गेल्याच्या गेल्या शतकात केरूनाना छत्रे ह्यांच्यापासून महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा जो वाद चालला, त्याचे मर्म हेच होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ साली निघालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ अण्णांच्या उशाशी असे. “पोथीत ग्रहण लिहिले आहे आणि आकाशात ते तासभर उशिरा लागले,” ते म्हणत, “तर पोथी दुरुस्त करायची की आकाश?”

आकाशाच्या रकान्यात हिवाळ्यातील रोजची नोंद एकच असे : कृत्तिका किती. रात्री आठ वाजता अण्णा परसात जात, पडवीतला दिवा मालवीत, दहा मिनिटे अंधारात स्वस्थ उभे राहत आणि मग मान वर करून मोजीत. पौष महिन्यात त्या वेळी कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ माथ्यावर असतो. पूर्वेस रोहिणीचा तांबूस ठिपका, त्याखाली मृग आणि त्याच्या पोटात रुतलेला त्रिकांड बाण, आणखी खाली व्याध. दक्षिणेस अगस्त्य वर यावयाचा तो अकराच्या सुमारास. ही सर्व ठळक मंडळी सोडून अण्णा त्या फिकट पुंजक्यावरच का अडत, असे आम्ही लहानपणी विचारले होते. ते म्हणाले, “व्याध कुणालाही दिसतो. कृत्तिका मोजल्या म्हणजे हवा किती स्वच्छ आहे ते कळते आणि डोळे किती स्वच्छ आहेत तेही कळते.” दुर्बिणीतून पाहिले तर त्या पुंजक्यात शेकडो तारे आहेत. नुसत्या डोळ्यांनी चांगल्या अंधारात सहा सहज दिसतात; तीक्ष्ण दृष्टीस सातवी, क्वचित त्याहून अधिकही. पुराणांनी कार्तिकेयाला माता सहाच दिल्या आहेत.

१९७२ च्या पहिल्या हिवाळ्यात वहीत बहुतेक रात्री ‘६’ आहे, मधूनमधून ‘७’. नव्वद सालानंतर सात आढळत नाही. ओढ्यापलीकडे इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यांवर दिवे आले. २००८ च्या जानेवारीत लिहिले आहे : ‘५. शेजारी ६ म्हणतात. माझे डोळे.’ २०११ मध्ये : ‘३. चष्मा पुसूनही ३.’ आणि २०१३ मध्ये : ‘पुंजका आहे असे वाटते. तारे नाहीत.’ अण्णांच्या दृष्टिपटलास विकार झाला होता आणि त्यावर इलाज नव्हता. समोर धरलेल्या वस्तूचा मध्यच नाहीसा होई. ह्या गोष्टीविषयी त्यांनी घरात कधी तक्रार केली नाही. ती काय ती ह्या रकान्यात आहे.

२०१४ च्या डिसेंबरापासून नोंदीचे काम आमच्याकडे आले. अण्णा पडवीत शाल पांघरून, कानटोपी घालून बसत. सकाळी आम्ही पेटी उघडून आकडा वाचून दाखवीत असू, आणि रात्री आठ वाजता परसात जात असू. लिहीत ते स्वतःच. जाड निबेच्या पेनाने, पुठ्ठ्याची कड ओळीखाली धरून, मोठ्या वाकड्या अक्षरांत.

“कृत्तिका किती रे?” पडवीतून प्रश्न येई.

“सहा, अण्णा.”

“बरं.”

तीन हिवाळे हा संवाद ह्याच शब्दांत चालला. वाचकांस खरे ते सांगतो : त्या तीन हिवाळ्यांत आम्ही कृत्तिका एकदाही मोजल्या नाहीत. महाविद्यालयातील बैठका, तपासावयाच्या उत्तरपत्रिका, पानावर वाढलेले अन्न. दहा मिनिटे अंधारात उभे राहून डोळे निवळू देण्यास सवड कोणास होती? आंब्याखाली क्षणभर उभे राहावे, मान वर केल्यासारखी करावी आणि सहा म्हणावे. सहा हा आकडा पुराणांतच असल्यामुळे तो चुकण्याचा संभव नव्हता. आणि अण्णांना तो ऐकून बरे वाटत असेल, अशी आपल्या मनाची समजूतही आम्ही करून घेतली होती. जो विद्यार्थी कविता न वाचता बाजारातील मार्गदर्शिका वाचून तिच्यावर चार पाने लिहितो त्याची आम्ही वर्गात किती निर्भर्त्सना करीत असतो, हे आमचे विद्यार्थी सांगतील. आकाशाच्या बाबतीत आम्ही तेच केले.

२०१७ च्या भाद्रपदात अण्णा गेले. सकाळचा पारा आम्ही नेमाने लिहीत राहिलो. आकाशाचा रकाना मात्र कोरा राहू लागला. विचारणारेच कोणी नव्हते. त्याची एक शिक्षाही मिळाली. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगाच्या आकृतीतील काक्षी हा ठळक तांबूस तारा नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतका मंद झाला होता. त्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून धुळीचा ढग बनून प्रकाश अडला, असा उलगडा पुढे ज्योतिर्विदांनी केला. त्या महिन्यांत जगभरचे हौशी लोक रोज रात्री काक्षीची रोहिणीशी तुलना करून टिपणे ठेवीत होते. आमच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षांची वही होती, आणि त्या हिवाळ्यातील तिची पाने आकाशाच्या बाजूस पांढरी आहेत.

ह्या हिवाळ्यात आमची कन्या नोकरीच्या गावाहून सुटीवर आली असता तिने सर्व वह्या खाली काढल्या. किमान तापमानाचा आलेख काढून पाहावा असा तिचा विचार होता. परसातील एका तापमापकावरून जगाविषयी सिद्धान्त मांडू नयेत, एवढे तिला तिच्या आजोबांनीच शिकविले आहे; सभोवार सिमेंट वाढले की परसाच्या रात्री उबदार होणारच. ती दुपारभर आकडे उतरवीत होती. तिसऱ्या प्रहरी तिने हाक मारली, “बाबा, हे कंसात काय आहे?”

वही २०१५ च्या डिसेंबरातील होती. अण्णांच्या वाकड्या अक्षरांत लिहिले होते : ‘कृत्तिका ६ (चि. सांगतो)’. आम्ही मागची पाने उलटली, पुढची उलटली. तिन्ही हिवाळे, प्रत्येक रात्री, हाच कंस. किमान तापमानही आम्हीच सांगत होतो. पण त्याच्यापुढे कंस नव्हता. पारा आम्ही विजेरीच्या उजेडात वाचून सांगत असू, आणि तो त्यांनी स्वतः वाचल्याप्रमाणे लिहून घेतला होता. ताऱ्यांच्या आकड्यापुढे मात्र साक्षीदाराचे नाव घातले होते.

मग एका पानावर आमची नजर थांबली. रात्रीची नोंद : ‘कृत्तिका ६ (चि. सांगतो)’. तिच्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळची : ‘किमान १७॥. दव नाही. काल रात्री ढग असावेत.’

एवढेच. पुढे उद्गारचिन्ह नाही, रेघ नाही. आदल्या दिवशीचा किमान आकडा दहा होता. ज्याला डोळ्यांनी आकाश दिसत नव्हते त्याने सकाळच्या पाऱ्यावरून रात्रीचे ढग ओळखले होते. आणि त्या ढगांच्या वर त्याच्या मुलाने सहा तारे मोजले होते. त्या दिवशी रात्री आठ वाजता त्यांनी पुन्हा विचारले असणार, “कृत्तिका किती रे?” आणि आम्ही सांगितल्यावर “बरं” म्हणून लिहूनही घेतले असणार.

आम्ही ती वही आमच्या सौ.स दाखविली. तिने ती वाचली आणि म्हणाली, “अहो, त्यांना सगळं ठाऊक होतं. आकड्यासाठी थोडंच विचारायचे ते! दिवसभर कागदांत मान घालून बसता, दहा मिनिटं तरी परसात उभे राहाल म्हणून विचारीत होते.” असेलही. तिने सासऱ्यांची सेवा केली आहे आणि त्यांना ती आमच्याहून अधिक ओळखत होती. परंतु हा अर्थ आम्हांस फार सोयीचा आहे. म्हणून आम्ही तो ऐकून घेतला, वहीत लिहिला नाही.

त्या रात्री आठ वाजता आम्ही आणि कन्या परसात गेलो. पडवीतला दिवा मालविला. पलीकडच्या इमारतीचे दिवे मालविणे आमच्या हाती नव्हते. त्यांच्याकडे पाठ करून आंब्याच्या आडोशास उभे राहिलो. दहा मिनिटे हा काळ किती दीर्घ असतो ते आम्हांस प्रथमच कळले. ओढ्याकडून गार हवा पायांशी येत होती. मग आम्ही दोघांनी एकमेकांस न सांगता मोजले आणि आकडे कागदावर लिहिले. तिचे चार. आमचे तीन.

पुढच्या आठवड्यात भोर तालुक्यात एका स्नेह्यांच्या शेतावर जाण्याचा योग आला. तेथे अमावास्येच्या आसपासच्या रात्री, हरभऱ्याच्या वाफ्यांच्या बांधावर उभे राहून आम्ही पुन्हा मोजले. तिचे सात. आमचे पाच. परत आल्यावर हे चारही आकडे वहीत लिहिले. त्यांत शहराच्या दिव्यांनी किती नेले आणि आमच्या वयाने किती नेले, ह्याचा हिशेब सरळ वजाबाकीचा आहे. अण्णांनी तो २००८ सालीच मांडून ठेवला होता.

राहता राहिले ते तीन हिवाळे. ते आकडे खोडावे असे प्रथम मनात आले. पण अण्णांच्या हस्ताक्षरावर रेघ मारण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि त्यांच्या नोंदीत चूक अशी नाहीच. चिरंजीव सांगत होता हे अक्षरशः खरे आहे. ‘वास्तविक चार असाव्यात’ असे लिहावे, तर तोही दुसरा खोटा आकडा. तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही एवढेच लिहिले : ‘डिसेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१७ ह्या काळातील कृत्तिकांची संख्या ग्राह्य धरू नये. निरीक्षण झालेले नाही.’ खाली सही केली आणि तारीख घातली. एवढ्या दोन ओळी लिहावयास आम्हांस, ज्यांचा जन्म लिहिण्यात गेला, पुष्कळ वेळ लागला.

सुटी संपून महाविद्यालय उघडले. पहिल्याच तासाला पुन्हा बर्फाची कविता होती. आम्ही ती बाजूस ठेविली आणि विद्यार्थ्यांस सांगितले, की उद्या सकाळी प्रत्येकाने सूर्योदयापूर्वी घराबाहेर पडून हिवाळा कोठे दिसतो ते पाहून यावे, आणि जे दिसेल तेवढेच पाच ओळींत लिहावे. न दिसल्यास तसे लिहावे. दुसऱ्या दिवशी चाळीस कागद आले. निम्म्यांत धुके, शेकोटी आणि गुलाबी थंडी होती. एकाने लिहिले होते, ‘मी उठलो नाही.’ त्यास आम्ही सर्वांत अधिक गुण दिले.

परसातील आजची नोंद अशी आहे : किमान ११. दव भरपूर. थिरथिरा पेटीवर बसला होता. आंब्यास दक्षिणेकडच्या फांदीवर मोहोर. कृत्तिका ३, स्वतः मोजल्या.